लक्ष्मी रस्ता : पेठांना आडवा छेदून गेलेला रस्ता, क्वार्टर गेट ते अलका

नागझरी

लक्ष्मी रस्त्याचा विषय निघाला की पहिल्या दोन वाक्यांत 'पेशवेकालीन रस्ता' असं येतंच. सुरुवात ते खोडूनच करतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पेठा पेशवाईतल्या किंवा त्याआधीच्या आहेत, देवळं त्या काळातली आहेत. पण क्वार्टर गेटपासून अलका टॉकीजपर्यंत सलग जाणारा हा रस्ता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, नगरपालिकेनं जुने बोळ जोडून आणि रुंद करून काढलेला. पेशव्यांच्या पुण्याला त्याची गरज नव्हती.

गरज का नव्हती ते जमिनीच्या उतारावरून कळतं. शहर दक्षिणेकडून, म्हणजे पर्वतीच्या बाजूनं, उत्तरेला मुठेकडे उतरतं. कसबा सगळ्यात जुना, तो नदीकाठी. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, तोही नदीजवळच. पेठा वाढल्या त्या कसब्याच्या आणि वाड्याच्या दक्षिणेला, आणि त्यांचे मोठे रस्ते उत्तर-दक्षिण पडले. पूर्व-पश्चिम होते ते बोळ. या आळीतून त्या आळीत जायला तेवढे पुरत.

१८१७ मध्ये पेशवाईचा खडकीला पराभव झाला, त्यानंतर पूर्वेला इंग्रजांचं लष्कर वसलं. १८८५ मध्ये पेठांत निघालेलं फर्ग्युसन कॉलेज पुढे पश्चिमेला नदीपलीकडे गेलं, तिथेच १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. शहराच्या दोन टोकांना दोन नव्या वस्त्या आणि मध्ये दाट पेठा. टांगा, मोटार, पुढे बस या टोकाहून त्या टोकाला न्यायची तर सलग आडवी वाट लागणारच. ती वाट म्हणजे लक्ष्मी रस्ता. आजचे त्याचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीत आहेत: उभ्या शहरात तो आडवा घातलेला आहे. म्हणून शंभर-दोनशे पावलांवर कुठला तरी जुना रस्ता त्याला छेदतो, आणि म्हणून त्याला इतके चौक आहेत.

लांबी साधारण अडीच-तीन किलोमीटर. पूर्वेकडून निघालं तर आधी संत कबीर चौक, क्वार्टर गेट. इथून लष्कराची हद्द जवळ. मग नाना पेठ. ती नाना फडणविसांनी १७९१ मध्ये वसवली, तेव्हा तिचं नाव हनुमान पेठ. पुढे अरुणा चौक, डुल्या मारुती या भागात नागझरी ओलांडायची. हा ओढा एके काळी शहराची पूर्वेची कड होता. आज वरून जाताना पुलावर आहोत हेही लक्षात येत नाही. मग गणेश आणि रविवार पेठांचा भाग, हमजेखान चौक, सोन्या मारुती चौक, सिटी पोस्ट आणि बेलबाग चौक. बेलबागेत शिवाजी रस्ता छेदतो. पुढे गणपती चौक, मग बाजीराव रस्ता, कुंटे चौक, विजय टॉकीज, गरुड गणपती हे टप्पे घेत टिळक चौक, म्हणजे बोलीतला अलका चौक. इथे लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक आणि शास्त्री असे पाच रस्ते एकत्र येतात आणि समोर लकडी पूल.

भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

शनिपार

उत्तम सुरुवात. पेठांच्या नावांचा थोडा खुलासा करतो, कारण रस्त्यावरून चालताना पेठ केव्हा बदलली ते पाटीशिवाय कळत नाही.

बुधवार पेठ औरंगजेबाच्या पुण्यातल्या मुक्कामात, १७०३ च्या सुमारास वसली, नाव मोहियाबाद. वारांची नावं पेशवाईत रुळली. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या. कुंटे चौकापासून अलकापर्यंत उत्तरेची बाजू बहुतेक नारायण पेठ आणि दक्षिणेची सदाशिव पेठ. समोरासमोरच्या दोन दुकानांच्या पत्त्यात पेठ वेगळी असते ती यामुळे.

या पश्चिम भागात आवर्जून बघावी अशी जागा म्हणजे हुजूरपागा. नावातच इतिहास आहे: पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा इथे होती. १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं, त्याला पुढे याच जागेचं नाव चिकटलं. त्याच्या जवळच सेवासदन आहे. ती संस्था रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये उभी केली. साड्या आणि सोन्याचा रस्ता म्हणून ज्याची ख्याती, त्याच रस्त्यावर मुलींच्या शिक्षणाच्या एवढ्या जुन्या दोन संस्था आहेत. लक्ष्मी रस्त्यावरच्या लेखांत हे क्वचित येतं, यायला हवं.

बेलबागेबद्दल: चौकाला ज्या देवळाचं नाव आहे ते चौकात उभं राहून दिसत नाही. दुकानांच्या रांगेत दरवाजा आहे, आत गेल्यावर विष्णूचं देऊळ. नाना फडणविसांनी ते १७६५ ते १७६९ या काळात बांधून घेतलं. बाहेरचा कलकलाट पंधरा पावलांत थांबतो. तुळशीबागेचंही तसंच. खरेदीला रोज हजारो माणसं येतात, पण बाग ज्याच्यामुळे बाग झाली ते रामाचं देऊळ आत आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी पानिपतच्या आगेमागे त्याचं काम काढलं. त्यांचं घराणं पुढे तुळशीबागवाले म्हणूनच ओळखलं गेलं.

मोजपट्टी

नागझरी, "जुने बोळ जोडून आणि रुंद करून" हा मुद्दा पुढे नेतो, कारण रस्ता आजही सरळ का दिसत नाही त्याचं उत्तर तिथे आहे.

बेलबागेतून पश्चिमेला नजर टाकली की दुकानांची रांग करवतीच्या दातांसारखी दिसते. एक इमारत चार फूट पुढे, शेजारची मागे, तिसरी परत पुढे. हे बेशिस्त बांधकाम नव्हे. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची 'नियमित रेषा' आखता येते. रेषा आखली म्हणून उभ्या इमारती त्याच दिवशी पाडत नाहीत. जी इमारत पुनर्बांधणीला येते तिला नव्या रेषेपर्यंत मागे सरकावं लागतं, सोडलेली जागा रस्त्यात जमा होते आणि मालकाला त्याचा मोबदला रोख रकमेत किंवा चटईक्षेत्राच्या रूपात मिळतो. जी इमारत अजून उभी आहे ती जुन्या रेषेवरच राहते. पन्नास वर्षांत निम्म्या इमारती मागे गेल्या आणि निम्म्या तिथेच, म्हणून दात.

याचा वाहतुकीवर होणारा परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रस्त्याची उपयोगी रुंदी ही त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणाएवढी. मागे सरकलेल्या इमारतीपुढचा तुकडा वाहतुकीला मिळत नाही, कारण पुढच्या दातापाशी गाडीला परत आत यावंच लागतं. त्या खोबणीत दुचाक्या लागतात, हातगाडी उभी राहते. म्हणजे रुंदीकरण सुटं सुटं झालं तर त्याचा फायदा शेवटचा दात जाईपर्यंत मिळत नाही. मधल्या काळात त्या खोबण्यांत सलग पदपथ बांधला तर निदान चालणाऱ्याला तरी जागा मिळते.

जुना वाडा ओळखायचा असेल तर लक्ष्मी रस्त्याकडचं तोंड बघू नका, बाजूच्या बोळात शिरा. घडीव दगडाचं जोतं, त्यावर वीटकाम, सागवानी खांब आणि तुळया, मोठ्या दरवाजात बसवलेली दिंडी ही खूण बोळाच्या अंगाला सापडते. रस्त्याच्या अंगाला नंतर काढलेले गाळे आणि लोखंडी शटर.

पाहुणी_साताऱ्याची

फार छान माहिती. एक अगदी व्यवहारातला प्रश्न. लग्नाचा बस्ता बांधायला चौघीजणी गाडीनं येणार आहोत. कुठल्या टोकाकडून सुरुवात करावी, गाडी कुठे लावावी?

दोनचाकी

@पाहुणी_साताऱ्याची, गाडी लक्ष्मी रस्त्यावर न्यायचीच नाही हे आधी ठरवा.

रस्ता एकेरी आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे, संत कबीर चौकातून टिळक चौकाकडे. त्याला छेदणाऱ्यांपैकी शिवाजी रस्ता स्वारगेटकडून शिवाजीनगरकडे एकेरी, बाजीराव रस्ता बरोबर उलटा. हे तीन बाण डोक्यात पक्के असले की मध्य पुण्यात माणूस सहसा चुकत नाही. कुंटे चौकातलं दुकान चुकून मागे राहिलं तर मागे वळता येत नाही, पूर्ण फेरा घालून बेलबागेत परत यावं लागतं. त्याला गर्दीच्या वेळी अर्धा तास सहज जातो.

साताऱ्याहून येताय म्हणजे स्वारगेटवरूनच येणार. तिथून शिवाजी रस्त्यानं सरळ मंडईपर्यंत या. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा असे दोन वाहनतळ आहेत. दोन्ही जुन्या चित्रपटगृहांच्या जागी आहेत आणि आर्यन म्हणजे १९१५ मध्ये सुरू झालेलं पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह. तिथे जागा नसेल तर नारायण पेठेत हमालवाड्याचा वाहनतळ. सणाच्या आठवड्यात सकाळी अकराच्या आत पोचा, नंतर वाहनतळाच्या दारातच रांग लागते.

त्याहून सोपं म्हणजे गाडी स्वारगेटच्या आसपास सोडून मेट्रो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. स्वारगेटनंतरचं पहिलंच स्थानक मंडई, तिथून बेलबाग चौक पाच-सात मिनिटांच्या चालीवर.

गल्लीत गाडी लावायची वेळ आलीच तर पी१, पी२ ची पाटी वाचा. पी१ च्या बाजूला विषम तारखेला, पी२ च्या बाजूला सम तारखेला. रात्री बारानंतर तारीख बदलते हे विसरल्यामुळे गाडी उचलली जाते.

नऊवार

बस्त्याचं मी सांगते. साड्यांची मोठी दुकानं बेलबागेच्या पश्चिमेला, गणपती चौक ते विजय टॉकीज या पट्ट्यात. सुरुवात बेलबागेकडून करा आणि पश्चिमेला सरकत जा, म्हणजे शेवटी हातात पिशव्या असतील तेव्हा अलका चौक जवळ असेल, तिथून रिक्षा मिळते. गाडी मंडईत लावली असेल तर उलट करा: आधी रिकाम्या हातांनी कुंटे चौकापर्यंत चालत जा, मग खरेदी करत मागे या.

नऊवारी घेताना 'नऊवारी' एवढ्या शब्दावर जाऊ नका. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दुकानात मीटरमध्ये मोजून घ्या, कारण पावणेआठ-आठ मीटरची साडीही नऊवारी म्हणून खपते आणि उंच मुलीला काष्टा घालताना ती कमी पडते. काठापदराची साडी दिव्याखाली पसंत केली तरी एकदा दारात आणून उजेडात बघा. हिरव्या आणि जांभळ्या रंगाला दिव्याखाली फार फसायला होतं.

सोनं घ्यायचं असेल तर दागिन्यावर हॉलमार्कच्या खुणेसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. भिंगातून वाचून पावतीवर उतरवून घ्या. बावीस कॅरटला ९१६ हा आकडा. घडणावळ आणि खड्यांचं वजन पावतीत वेगळं दाखवायला सांगा, नाहीतर खडे सोन्याच्या भावानं येतात.

बोहरी आळी

बाकीच्या रस्त्यावर काय मिळतं तेही एकदा लिहून टाकू, कारण बाहेरचा माणूस लक्ष्मी रस्ता म्हणजे फक्त साडी-सोनं समजतो.

नाना पेठेच्या टोकाला दुचाकीचे सुटे भाग आणि साजसामान. रविवार पेठेत आत वळलं की बोहरी आळी: खिळे, बिजागऱ्या, दोर, रंग, गंज-घमेली, अवजारं. तिथल्याच कापड गंजात घाऊक कापड. सोन्या मारुती, मोती चौक हा सराफांचा जुना भाग. बेलबागेच्या उत्तरेला बुधवारात तपकीर गल्ली, तिथे वायर, दिवे, विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं. अप्पा बळवंत चौक पुस्तकांचा, तोही बाजीराव रस्त्यानं पाच मिनिटांवर. दक्षिणेला तुळशीबागेत भांडी, पूजेचं साहित्य, खोटे दागिने, संसाराचं किडुकमिडुक. त्यामागे मंडई. ती इमारत १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावानं; पुढे ती महात्मा फुले मंडई झाली.

बोहरी आळीत जाताना नमुना घेऊन जा. 'अर्ध्या इंचाचा स्क्रू' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, लांबी की जाडी? तुटलेला तुकडा खिशात असेल तर दोन मिनिटांत काम होतं.

उच्छ्वास

रस्त्याच्या वरचं सगळ्यांनी लिहिलं, खालचं मी लिहितो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. दगड-चुन्यात बांधलेलं भुयार, आतून माणूस चालत जाऊ शकेल एवढं, कुठेही पंप नाही, केवळ उताराचं काम. ठरावीक अंतरावर वर हवा जायला उभे दगडी झरोके, त्यांना उच्छ्वास किंवा उसासे म्हणतात. गाळ काढायला माणूस तिथूनच उतरे. हे पाणी काळा हौद, तुळशीबाग, बुधवारातले हौद असं वाटत शनिवारवाड्यापर्यंत जाई. कात्रज दक्षिणेला आणि वाडा उत्तरेला, म्हणजे आजचा लक्ष्मी रस्ता त्या वाटेला आडवा येतोच. नागझरींनी शहराचा उतार सांगितला, त्याचाच हा सर्वांत सुंदर उपयोग.

हौदाशिवाय जवळपास प्रत्येक मोठ्या वाड्यात आड असे. नळ आल्यावर आड बंद झाले. काही नीट भरले, काहींवर नुसता स्लॅब टाकून वर फरशी केली. ही दुसरी पद्धत धोक्याची. भराव न घातलेल्या आडाचं बांधकाम पाण्यानं सुटत जातं, आजूबाजूची माती आत ओघळते आणि वरच्या फरशीखाली पोकळी वाढत राहते. वरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस जड गाडी उभी राहते. २० सप्टेंबर २०२४ ला सिटी पोस्टच्या आवारात हेच झालं. पेव्हर ब्लॉकची जमीन खचली आणि महापालिकेचा सांडपाणी वाहिनी साफ करणारा ट्रक मागच्या मागे खड्ड्यात गेला. खाली जुनी विहीर होती. चालक वाचला.

जुन्या वाड्याच्या जागी बांधकाम काढणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. सिटी सर्व्हेचा जुना नकाशा काढून त्यावर आड किंवा विहिरीची खूण आहे का बघावं. वाड्यातल्या जुन्या रहिवाशांना मोरी कुठे होती ते विचारावं, आड बहुतेक तिच्याजवळच. आणि सापडला तर राडारोडा ओतून बुजवू नये. राडारोड्यात पोकळ्या राहतात. तळाला मोठे दगड, वर खडी, मग मुरूम थराथरानं पाणी मारून दाबत आणावा. शक्य असेल तर बुजवण्याऐवजी झाकण करून पावसाचं पाणी त्यात सोडावं.

शनिपार

उच्छ्वास, वाचनखूण साठवली. उताराचा एक त्रास जोडतो. जोराच्या पावसात सदाशिव आणि शुक्रवार पेठेतलं पाणी बाजीराव आणि शिवाजी रस्त्यांवरून उत्तरेला धावतं आणि लक्ष्मी रस्ता त्याला आडवा पडतो. डांबराचे थर एकावर एक चढले की रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पाणी गटारात जायच्या ऐवजी दुकानाच्या उंबऱ्यात शिरतं. एके काळी दोन पायऱ्या चढून जायची दुकानं आता रस्त्याच्या पातळीला आली आहेत. नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडून काढणं एवढाच त्यावर उपाय आहे. तो खर्चिक म्हणून टाळतात आणि दर थराला दीड-दोन इंच वाढतात.

ताशा

विसर्जन मिरवणुकीशिवाय हा धागा अपुरा राहील.

मानाचे पाच गणपती क्रमानं: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. गुरुजी तालमीचा गणपती लक्ष्मी रस्त्यावर गणपती चौकाजवळचाच, १८८७ पासूनचा, म्हणजे सार्वजनिक उत्सवाची चळवळ उभी राहण्याआधीचा. मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. हा पुतळा १९२४ मध्ये बसला. तिथून शिवाजी रस्त्यानं बेलबाग चौक, डावीकडे वळून लक्ष्मी रस्ता, सरळ टिळक चौक आणि पुढे घाट. बेलबाग ते अलका हे अंतर सव्वा-दीड किलोमीटर. नुसतं चाललं तर वीस मिनिटं. सगळी मिरवणूक संपायला अलीकडच्या वर्षांत २८ तासांहून जास्त लागतात.

एवढा वेळ का लागतो? मंडळांची संख्या जास्त म्हणून, असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं. मिरवणुकीला केळकर, कुमठेकर आणि टिळक हेही रस्ते आहेत. पण लक्ष्मी रस्त्यानं जाण्याचा मान वेगळा, म्हणून बेलबागेच्या तोंडाशी रांग लागते. तिथे मिरवणुकीला काटकोनात वळायचं असतं. उंच रथाला वळायला वेळ लागतो, पथक चौकात थांबून एक आवर्तन जास्त वाजवतं, आणि पुढचं मंडळ निघून जाऊन मध्ये मोकळा रस्ता पडतो. प्रत्येक मंडळामागे पाच मिनिटांची पोकळी धरली तरी शंभर मंडळांना आठ तासांहून जास्त नुसते रिकाम्या रस्त्याचे गेले. वादन कमी न करताही हे तास वाचवता येतात. चौकात न थांबता दोन चौकांच्या मधल्या भागात थांबून वाजवायचं, एवढीच शिस्त. चौकात थांबलं की आडव्या रस्त्यावरची रांगही अडते.

बघायला येणाऱ्यांसाठी: वळणाची कसरत बघायची तर बेलबाग. ढोल-ताशा नीट ऐकायचा तर कुंटे चौकाच्या आसपास, कारण तिथे दोन्हीकडच्या उंच इमारतींमुळे आवाज घुमतो. लहान मुलं बरोबर असतील तर मानाचे गणपती दिवसाउजेडी बघून घ्या आणि अंधार पडण्याआधी निघा. परतताना गर्दीच्या दिशेनं किंवा विरुद्ध चालायचा प्रयत्न करू नका. जवळच्या उत्तर-दक्षिण बोळात शिरा, केळकर किंवा कुमठेकर रस्ता गाठा. तिथेही मिरवणूक असेल, पण ओलांडता येते. मोबाइल लागत नाही, म्हणून चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते आधी ठरवा, आणि ती जागा चौकात नको.

वीणेकरी

ताशा, तुमचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेला. आषाढीच्या वारीचा प्रवाह त्याच रस्त्यावर उलटा जातो. आळंदीहून ज्ञानोबारायांची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी पुण्यात येते ती डेक्कनकडून, लकडी पुलावरून टिळक चौकात, आणि तिथून लक्ष्मी रस्त्यानं पूर्वेला. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. मुक्कामानंतर माउली हडपसर, दिवे घाटाकडे आणि तुकोबा लोणी काळभोरकडे.

म्हणजे वर्षातून दोनदा हा रस्ता वाहनांकडून काढून घेतला जातो, एकदा पूर्वेला जाणाऱ्यांसाठी आणि एकदा पश्चिमेला. दिंड्यांचं दर्शन घ्यायचं तर उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या कुठल्याही एका कडेला उभं राहावं, मध्ये शिरून दिंडी ओलांडू नये. टाळकऱ्यांची ओळ तुटली की मागची दिंडी थबकते आणि तो धक्का पार लकडी पुलापर्यंत जातो. वारकऱ्यांना काही द्यायचं असेल तर तळलेले पदार्थ नकोत. राजगिऱ्याचे लाडू, केळी, साधं पाणी. रात्रीचा मुक्काम पूर्व भागात, त्यामुळे सेवेची खरी गरज बेलबागेच्या पुढे नाना पेठेकडे असते, आणि मदत मात्र सगळी अलका चौकात गोळा होते.

दोनचाकी

लकडी पुलाचं नाव निघालंच आहे तर: पहिला पूल पानिपतानंतर १७६१ मध्ये लाकडाचा बांधला, म्हणून लकडी. पुढे तो दगडी झाला, कागदोपत्री संभाजी पूल, पण नाव सुटलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली तेव्हा हा पूल आणि नदीकडच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतली घरं पाण्यात गेली. नारायण पेठेत आज जुन्या वाड्यांपेक्षा साठच्या दशकानंतरच्या इमारती जास्त दिसतात, त्यामागे तो दिवसही आहे.

मोजपट्टी

११ डिसेंबरच्या पादचारी दिनाबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकापर्यंतचा एक पट्टा वाहनांना बंद ठेवते. माझं ठाम मत आहे की बेलबाग ते गरुड गणपती हा भाग कायमचा चालणाऱ्यांना द्यावा. ज्या रस्त्यावर येणारा बहुतेक माणूस शेवटी चालतच खरेदी करतो, तिथली सर्वांत जास्त जागा उभ्या गाड्यांना का?

बोहरी आळी

मोजपट्टी, तत्त्वाला विरोध नाही, पण एक दिवसाचा उत्सव आणि वर्षभराची व्यवस्था यांत फरक आहे. मालाची ने-आण कशी करणार? कापडाचा गठ्ठा माणसाच्या पाठीवरून दोनशे मीटर नेता येतो, फ्रिज नेता येत नाही. वर राहणारी कुटुंबं आहेत, त्यांच्या घरी रुग्णवाहिका आणि अग्निशमनचा बंब पोचला पाहिजे. आणि बाजीराव, शिवाजी रस्ते आडवे जातात, ते तर बंद करता येणार नाहीत.

मोजपट्टी

तिन्ही प्रश्न खरे आहेत, आणि तिन्हींना उत्तर आहे. मालासाठी सकाळी दहापर्यंतची वेळ राखून ठेवायची. दुकानं त्यानंतरच भरतात. बंबासाठी मधला साडेतीन-चार मीटरचा पट्टा कायम मोकळा, त्यावर बाक नाही, कुंडी नाही, मांडव नाही. दोन्ही टोकांना खाली बसणारे खांब. आणि आडवे रस्ते चालूच राहतील. रस्ता सलग बंद करायचाच नाही, दोन चौकांमधले तुकडे बंद करायचे, चौकात वाहनांना सिग्नल. बस केळकर रस्त्याकडे वळवायची असेल तर मात्र आधी तिथलं दुतर्फा पार्किंग काढावं लागेल. ते न करता लक्ष्मी रस्ता बंद केला तर कोंडी एक गल्ली उत्तरेला सरकेल, दुसरं काही होणार नाही.

बोहरी आळी

दहाची वेळ आमच्या बाजूला चालेल. फ्रिजवाल्यांना विचारावं लागेल.

पाहुणी_साताऱ्याची

सर्वांचे आभार. शेवटची शंका: दुकानाच्या कार्डावर फक्त 'लक्ष्मी रोड, पुणे' एवढंच आहे. ब्लाऊज शिवून झाल्यावर कुरिअरनं मागवायचे आणि बदलायचे असतील तर परतही पाठवायचे आहेत. पत्ता पुरेल का?

नागझरी

पुरणार नाही. पेठ आणि जवळचा चौक दोन्ही विचारून लिहून घ्या. पेठांत घरक्रमांक पेठेनुसार चालतात, लक्ष्मी रस्त्याच्या क्रमानं नाहीत, त्यामुळे एकाच आकड्याचं घर बुधवारातही असतं आणि नारायणातही. पिनकोडही बदलतो: सदाशिव आणि नारायण पेठेला ४११०३०, बुधवार, रविवार आणि नाना पेठेला ४११००२. पत्ता असा लिहा: दुकानाचं नाव, घरक्रमांक आणि पेठ, लक्ष्मी रस्ता, अमुक चौकाजवळ, पिन. बेलबागेच्या पश्चिमेचं दुकान असेल तर पिन हमखास विचारा, तिथे बुधवार संपून नारायण-सदाशिव सुरू होतात आणि पार्सल चुकीच्या टपाल कार्यालयात जाऊन दोन दिवस पडून राहतं.